चांदण्यात तोडलेला बांबू

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या कुरखेड्याकडे कामाला माणूस मिळत नाही. तुमचं घर पडो, विहीर ढासळो, लग्नाचा मांडव अर्धा राहो, माणूस मिळत नाही. पहाटेपासून गावंच्या गावं तेंदूची पानं तोडायला जंगलात गेलेली असतात आणि दुपारी प्रत्येक छपरीत बायका पानांचे पुडे बांधत बसलेल्या असतात. आवाज दिला तर मान वर करून हसतात आणि पुन्हा पानं जुळवायला लागतात. पंधरा-वीस दिवसांचा हा हंगाम. मला इथे येऊन बारा वर्षं झाली, तरी दर उन्हाळ्यात मी हे विसरते आणि नेमकं याच आठवड्यात घराचं काम काढते.

यंदाही काढलं. घरावरचे कवेलू, म्हणजे मातीची कौलं, उतरवून पत्रे टाकायचे, असं होळीच्या सुमाराला ठरलं होतं. दर उन्हाळ्यात सगळे कवेलू काढायचे, फुटके बाजूला करायचे, झाडून-पुसून पुन्हा बसवायचे, हे कवेलू फेरायचं काम आता कुणाला नको आहे. सीताराम भाऊ आमच्या गल्लीतले शेवटचे कवेलू फेरणारे. त्यांच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वी राजीनामा दिला. आता ते आमच्या अंगणात बाजेवर बसून नुसते हुकूम सोडतात. पत्र्यांचा सल्लाही त्यांचाच. "टाका जी पत्रे," म्हणाले. "घर तापते तं तापते. पानी तं नाई येनार."

तर गेल्या रविवारी नवरा छपरावर आणि मी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर, असे आम्ही पुन्हा उभे राहिलो. पुन्हा म्हणते, कारण नऊ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही याच जागी, अगदी असेच उभे होतो. तेव्हा कवेलू खालून वर जात होते, आता वरून खाली येत होते. आणि तेव्हा माझ्या पोटात चार महिन्यांचं मूल होतं.

हे एकदम सांगून टाकलं ते बरं झालं. मला गोष्ट रंगवून सांगता येत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते.

नऊ वर्षं मला श्रीनूला एक प्रश्न विचारायचा होता. प्रश्न साधा होता. मी कवेलू उचलले म्हणून आपलं मूल गेलं, असं तुला वाटतं का? भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, त्याच्या मोटारसायकलच्या मागे बसून बाजाराला जाताना तो अगदी ओठांवर यायचा. मग मी विचारायचे, वरणात मीठ बरोबर आहे ना? तो म्हणायचा, बरोबर आहे.

श्रीनू म्हणजे श्रीनिवास. सिरोंच्याचा, गोदावरीच्या काठचा, घरी तेलुगू बोलणारा. मी घुग्घुसची, खाणीच्या क्वार्टरात वाढलेली. तो जमीन मोजणीच्या कार्यालयात लागला, मी इथल्या शाळेत, आणि भेट झाली ती तहसीलसमोरच्या चहाच्या टपरीवर. लग्न आमच्या मनाने केलं, त्यामुळे दोन्हीकडची मोठी माणसं बराच काळ रुसून बसली. घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून म्हणतात. आम्ही दुसरं आधी उरकलं आणि मग पहिल्याच्या मागे लागलो. घर आपलं असावं ही हौस मुळात माझी. घुग्घुसला भिंतीत खिळा ठोकायचा म्हटलं तरी बाबा म्हणायचे, क्वार्टर कंपनीचं आहे, उद्या सोडावं लागेल. रोज सकाळी खिडकीवरची काळी धूळ पुसायची, एवढाच त्या घरावर आमचा हक्क होता. म्हणून हे घर बघायला गेलो तेव्हा दार उघडायच्या आधीच मी ते मनात घेऊन टाकलं होतं.

दार उघडलंच नाही, कुलूप दगडाने तोडावं लागलं. म्हातारे मालक नागपूरला मुलांकडे गेल्यापासून घर पाच वर्षं बंद होतं. पुढे छपरी, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर आणि सांदवाडी, म्हणजे परसू. माजघराच्या कोपऱ्यात वाळवीने माझ्या कमरेएवढं वारूळ उभं केलेलं. चुलीत मांजरीने पिल्लं घातलेली. छपरातून ऊन आत येऊन जमिनीभर ठिपके पडले होते, आणि त्यातला एक ठिपका श्रीनूच्या नाकावर होता. त्याने खिशातून टेप काढली आणि मोजायला सुरुवात केली. त्याचा स्वभावच तो. आनंद झाला की मोजतो, घाबरला की मोजतो. "कागदापेक्षा माजघर हातभर मोठं निघालं," तो म्हणाला आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. त्या हातभर जागेत काय ठेवायचं यावर आमचं आठवडाभर चाललं होतं. मी म्हणायचे पुस्तकांची फळी. तो म्हणायचा पाळणा.

त्या उन्हाळ्याचे वास मला अजून सांगता येतात. धानाचा कोंडा घालून दोन दिवस भिजवलेल्या मातीचा आंबट वास. जुन्या कवेलूंखालचा, पाली आणि उंदरांचा कोंदट वास. शेजारच्या घरी वाळत टाकलेल्या मोहफुलांचा गोड, जड वास, ज्याने मला सकाळी मळमळायचं आणि संध्याकाळी भूक लागायची. भिंती लिंपायला मी स्वतः बसले होते. मी लिंपलेली पहिली भिंत तिसऱ्या दिवशी पापुद्र्यासारखी गळून पडली. सीताराम भाऊंनी ती पुन्हा लिंपली आणि मला म्हणाले, "बाई, तुमी फळ्यावर लिवा."

शाळेला सुट्टी होती, श्रीनूनेही महिनाभराची रजा टाकली होती. अंग दुखायचं, पण कसं ते सांगते, लहानपणी दिवसभर खेळून दुखायचं तसं. दुपारी आम्ही ओल्या जमिनीवर पोतं टाकून झोपायचो. मी एवढी आनंदात कधीच नव्हते, त्याच्या आधीही नाही आणि नंतरही नाही. हे लिहायला अवघड जातं, पण खरं आहे.

मग बांबूची गोष्ट झाली.

छपराचे लाकडी फाटे शाबूत होते, पण त्यांच्यावरच्या बांबूच्या कामट्या कुजल्या होत्या. त्या सगळ्या नव्या घालायच्या, म्हणजे ओला बांबू हवा. जवळच्या गावात तोडणी चालू होती. सीताराम भाऊ म्हणाले, "बाई, आत्ता नका आनू. चांदनं पाख चालू आहे. चांदन्यात तोडलेल्या बांबूत गोडी रायते, त्याले किडा लागते. आठ दिवस थांबा. अंधारं पाख लागलं का मीच पाहून आनतो."

मी हसले. नुसती हसले नाही, बोललेही. "काऊन भाऊ, बांबूले कॅलेंडर वाचता येते का?" आणि मग त्यांना छपरीत उभं करून मी चंद्राच्या कला समजावून सांगितल्या. टॉर्च घेतला, चेंडू नव्हता म्हणून कांदा घेतला. सूर्य इकडे, पृथ्वी इथे, हा चंद्र. यात बांबू कुठे येतो? सीताराम भाऊ शांतपणे कांद्याकडे बघत राहिले. "तुमी शिकलेले मानसं जी," म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

श्रीनूने आम्हा दोघांचं ऐकून घेतलं. रोहिणी तोंडावर होती, मृगाच्या आत छप्पर झाकायचं होतं, रजा संपत आली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आणून टाकू." त्याने माझी बाजू घेतली. हे मला पुढे पुष्कळदा आठवलं.

बांबू आला. हिरवागार, सरळ, हात लावला की गार. सीताराम भाऊंनी तो मन लावून चिरला, कामट्या बांधल्या, आणि तेंदूचा हंगाम उघडला त्या दिवशी हात झटकून म्हणाले, "आता पंधरा दिवस मी तुमचा नाई, बाई. पानं झाल्यावर येतो." वरचं छप्पर उघडं, अंगणात कवेलूंचा ढीग, आणि गावात माणूस नाही. श्रीनू म्हणाला, आपण चढवू. मी म्हटलं, चढवू.

घरात एखादं मोठं माणूस असतं तर मला कवेलूला हात लावू दिला नसता. सासू असती तर पदर खोचून ओरडली असती, आई असती तर तिने मला बाजेवर बसवलं असतं. पण मोठी माणसं रुसलेली होती, आणि गल्लीत मी कुणाला सांगितलं नव्हतं. पाचवा महिना लागल्याशिवाय बाहेर बोलू नये असं आमच्याकडे म्हणतात. आता बघा, चंद्र-बिंद्र मानायचा नाही म्हणून कांदा फिरवून दाखवणारी मी, पण हे एवढं मात्र मानलं. गुपित ठेवण्यात मला मजा येत होती, म्हणून मानलं असेल.

मी ढिगातून चार-चार कवेलू उचलायचे, तीन पायऱ्या चढायचे, वर धरायचे. तो वाकून घ्यायचा. मी खाली, तो वर. पाच दिवस आम्ही असं केलं. आमचा एक ताल बसला होता. बोलायची गरज नव्हती, त्याचा हात आला की माझा हात वर गेलेलाच असायचा. श्रीनू मधेच विचारायचा, "थकली का?" मी म्हणायचे, नाही. आणि मी खरंच थकले नव्हते. सहाव्या दिवशी दुपारी कंबरेतून कळ आली. मी शिडीवरून उतरले, हातातले कवेलू ढिगावर नीट एकावर एक ठेवले आणि मग खाली बसले. ते चार कवेलू नीट ठेवलेले मला आठवतात. त्यातला एकही फुटला नव्हता.

दवाखान्यातलं फारसं आठवत नाही. गाडी कुणाची होती आठवत नाही. भिंतीचा अर्धा भाग हिरवा आणि अर्धा पांढरा होता, त्या दोन रंगांची रेघ मी खूप वेळ बघत होते आणि ती वाकडी आहे हे माझ्या लक्षात आलं होतं. डॉक्टर माझ्याच वयाची होती. चांगली होती. खुर्ची ओढून जवळ बसली आणि म्हणाली, "ताई, तुमच्या हातून काही चुकलं नाही. काम केल्याने, उचलल्याने असं होत नाही. पुष्कळदा गर्भातच काहीतरी कमी असतं." मी मान हलवली. मला ते पटलं होतं. मी स्वतः दहावीच्या मुलींना जवळपास हेच शिकवते. रडू येईल म्हणून मी वाट बघितली, पण ते आलं नाही. नर्सने विचारलं, दुखतं का, तर नक्की कुठे ते मला सांगता येईना.

श्रीनू बाहेर जिन्यात बसून आईशी फोनवर बोलत होता. लग्नानंतर पहिल्यांदाच तो तिच्याशी इतका वेळ बोलला असावा. दार अर्धं उघडं होतं, आवाज येत होता, पण सगळं तेलुगू. मला तेव्हा "नीळ्ळू" म्हणजे पाणी आणि "अन्नम" म्हणजे भात, एवढंच यायचं. या दोन शब्दांची वाट बघत मी पडून राहिले. ते शब्द आले नाहीत. पुढे सासूशी बोलता यावं म्हणून मी तेलुगू शिकले, आता बरंच समजतं. पण त्या दिवशीचे त्याचे शब्द लक्षात राहिले नाहीत, त्यामुळे ते आता समजून घ्यायलाही काही मार्ग नाही.

चौथ्या दिवशी परत आलो तर गल्लीला काय सांगायचं, हा प्रश्न होता. जी गोष्ट आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं, ती गेली हे कसं सांगणार? श्रीनूने सांगितलं, बाईला ऊन लागलं. झालं. संध्याकाळपर्यंत आमच्याकडे पन्ह्याचे पाच तांबे आले. कुणी माझ्या तळपायाला कांदा चोळला, कुणी डोक्याला ओलं फडकं गुंडाळलं, कुणी म्हणालं, इतकं उन्हात राबू नये बाई, आपल्याले सवय नसते. मी सगळ्यांचं पन्हं प्यायले. एकीच्या पन्ह्यात गूळ जास्त होता, एकीच्या कमी. मला काहीच वाटत नव्हतं. माझ्या बाजूला कुणीतरी दुसरीच बाई बसली आहे आणि हे सगळे तिची सेवा करताहेत, असं वाटायचं.

उरलेलं छप्पर श्रीनूने एकट्याने झाकलं. शिडी चढायची, उतरायची, चढायची, उतरायची. मी छपरीत पडून त्याच्या पावलांचा आवाज ऐकायचे. त्याने मला एकदाही हाक मारली नाही. मृगाच्या आत काम झालं. तेंदूची पानं उरकून सीताराम भाऊ आले, खालून वर बघत घरभर फिरले आणि म्हणाले, "साहेब, कवेलू चांगले बसवले जी." त्या पावसाळ्यात घरात एक थेंब गळला नाही. लोक बघायला यायचे. मी चहा करायचे.

पुढच्या होळीला माजघरातल्या गादीवर पिवळी पूड दिसली. हळद सांडली असावी असं आधी वाटलं. झटकली, दुसऱ्या दिवशी पुन्हा. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी घर शांत असताना वर कुरकुर ऐकू यायची. सीताराम भाऊंना बोलावलं. त्यांनी स्टुलावर चढून एका कामटीला नख लावलं, तर नख आत गेलं. ते खाली उतरले, हात धुतले आणि म्हणाले, "यंदा फेरताना बदलून घेऊ जिथं जिथं जमन तिथं." बाकी काही नाही. मी तुमाले म्हनलो होतो, हे शब्द त्यांनी नऊ वर्षांत एकदाही तोंडातून काढले नाहीत. माणूस मोठा आहे. पण त्या दिवशी त्यांनी ते म्हणायला हवं होतं, मी भांडले असते.

कारण त्या पुडीने माझा घात केला. खुर्ची ओढून जवळ बसलेली डॉक्टर म्हणाली होती, उचलल्याने होत नाही, आणि मला ते पटलं होतं. पण चंद्राने बांबूला काही होत नाही, हेही मला पटलेलंच होतं. तितकंच पक्कं. आता वर किडा कुरकुरत होता आणि खाली मी झाडू घेऊन उभी होते. ज्या डोक्याने मी सीताराम भाऊंना हसले, त्याच डोक्याने मी डॉक्टरवर विश्वास ठेवला होता. एका ठिकाणी ते चुकलं, तर दुसऱ्या ठिकाणी कशावरून नाही? मी पुस्तकं काढली, वाचलं. बांबूत साखर जास्त असेल तर किडा लागतो, ते खरं. उन्हाळ्यात तोडलेल्याला जास्त लागतो, असंही म्हणतात. चंद्राचं मात्र ठाम कुठे सापडेना, हो म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही. म्हणजे सीताराम भाऊ बरोबर होते, पण कदाचित भलत्याच कारणाने. आणि मी? मी वर्गात फळ्यावर कारण आणि परिणाम असे दोन शब्द लिहून मधे बाण काढते. तो बाण काढताना कितीतरी वर्षं माझा हात जरा थांबायचा.

मग रोजचं झालं ते. सकाळी उठलं की पूड झाडायची, ताटं-वाट्या उपड्या ठेवायच्या, पाण्याच्या गुंडावर फडकं बांधायचं. दरवर्षी थोड्या कामट्या बदलायच्या, तोवर दुसऱ्या पोखरलेल्या. पुढे आम्हाला मूल झालं नाही, आणि त्यासाठी आम्ही फार धावपळही केली नाही. मोठ्या माणसांचा रुसवा गेला, सासू दरवर्षी महिनाभर येऊन राहू लागली, चांगली बाई आहे. श्रीनू कधी आवाज चढवून बोलत नाही. मला ताप आला तर रजा घेतो. माझ्या मैत्रिणी म्हणतात, तुझं नशीब. मी म्हणते, हो ना. दोन सभ्य माणसं एका घरात राहावीत तसे आम्ही राहिलो. दुखत नव्हतं. मूळव्याधीच्या माणसाला कसं बसावं ते कळलेलं असतं, तसं आम्हालाही कुठे बोट लावायचं नाही ते कळलं होतं.

तर गेल्या रविवारचं सांगत होते.

सकाळी सहालाच सुरुवात केली. सीताराम भाऊ बाजेवरून "आधी वळचनीचे नका काढू, मधातून सुरू करा" असं ओरडत होते आणि श्रीनू "हो जी, हो जी" करत आपल्याला हवं तेच करत होता. पानवाल्या बायका केव्हाच जंगलात गेल्या होत्या. साडेअकराच्या सुमाराला ऊन चढलं तसे सीताराम भाऊ जेवायला घरी गेले. आम्ही म्हटलं, एवढी ओळ संपवून मग बसू. निम्मं छप्पर उघडं झालं होतं आणि माजघरात, नऊ वर्षांपूर्वी पडलं होतं तसंच, थेट ऊन पडलं होतं. माझे हात आपोआप चालत होते. त्याचा हात आला की माझा वर गेलेला असायचा. इतक्या वर्षांनीही तो ताल तसाच होता, याचं मला जरा नवल वाटलं.

त्याने चार कवेलू खाली धरले आणि म्हणाला, "जड आहेत. जपून."

मी ते घेतले. खाली उतरले नाही. तिथेच, तिसऱ्या पायरीवर, हातात कवेलू घेऊन उभी राहिले. जपून. तेव्हा का नाही म्हणाला हा शब्द? पाच दिवस "थकली का" विचारत होता, एकदाही "जपून" म्हणाला नाही. म्हणजे हा शब्द त्याला नंतर सुचला. मग कधी सुचला?

"श्रीनू," मी म्हटलं, "मी उचललं म्हणून ते गेलं, असं तुले वाटते का?"

"ते" म्हणजे काय हे त्याने विचारलं नाही. फाट्यावर पाय खाली सोडून तो बसला. गमछ्याने तोंड पुसलं. तो खोटं सांगेल असं मला वाटलं होतं, आणि मी त्यासाठी तयार होते. नाही ग, असं कसं, डॉक्टर म्हणाल्या नव्हत्या का. मी मान हलवली असती आणि आम्ही जेवायला बसलो असतो.

"हो," तो म्हणाला. "वाटलं होतं."

"कधी?"

"तेव्हा. नंतर दोन-तीन वर्षं."

"आईले तेच सांगत होता, जिन्यात?"

"हो."

"अन् आता?"

"आता नाई वाटत. कधी गेलं ते नाई सांगता येत. एक दिवस पाह्यलं तं नव्हतं."

"मग मले सांगितलं काऊन नाई?"

"तू विचारलं नाई. अन् तेव्हा विचारलं असतं तं मी खोटं बोललो असतो."

कवेलू मी खाली उतरून ढिगावर नीट ठेवले. तेवढं केलं, आणि मग मला राग आला. असा राग की कान गरम झाले. हे काय आहे ते मला आधी कळलंच नाही, इतक्या वर्षांत त्याचा माझा संबंध आला नव्हता. मी वर बघून ओरडले. शाळेतली बाई म्हणून जे तोंड मी बारा वर्षं सांभाळलं ते गेलं आणि घुग्घुसच्या क्वार्टरातल्या नळावरचं तोंड बाहेर आलं. म्हटलं, तू मोजणीवाला ना? दुसऱ्याच्या बांधाची बोट बोट मोजतो, अन् बायको चार महिन्यांची शिडी चढून राह्यली ते नाई दिसलं तुले? थकली का, थकली का! थकली का काय विचारतो, खाली उतर म्हणायचं होतं! तोंडाले कुलूप होतं का तुझ्या? तीन वर्षं माझ्या हातचं खाल्लं अन् मनात मलेच धरून बसला? मीबी तुलेच धरलं होतं! मीबी!

हे शेवटचं मी कधी ठरवलेलं नव्हतं. मला ते ठाऊकसुद्धा नव्हतं. माझ्याच तोंडून ऐकलं तेव्हा कळलं.

तो शिडी उतरून खाली आला. जवळ आला नाही, चार हातांवर उभा राहिला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता, गमछा त्याने दोन्ही हातांत पिळून धरला होता. "बोल," म्हणाला. "आणखी बोल."

पण मला पुढे बोलता येईना. तोंडातून शब्दाऐवजी एक भलताच आवाज निघाला, मोठा, लांब, मी कधी काढला नव्हता असा. मी कवेलूंच्या ढिगाशेजारी मातीत बसले आणि तो आवाज येत राहिला. पानं घेऊन परतलेल्या बायका कुंपणापाशी थांबल्या होत्या. आमच्याकडे बाईचा असा आवाज एकाच गोष्टीसाठी निघतो, आणि तो ऐकला की माणसं हातातलं काम टाकून येतात. सीताराम भाऊ त्या गुडघ्यांनी जवळजवळ धावतच आले. उष्टा हात तसाच होता, बोटांना भात चिकटलेला. ते आधी वर छपराकडे बघत होते, मग श्रीनूकडे, मग माझ्याकडे.

"कोन गेलं जी?" त्यांनी विचारलं. "बाई, कोन गेलं?"

श्रीनूने माझ्याकडे पाहिलं. मी तोंडावरचे केस बाजूला केले.

"आमचं पोर गेलं, भाऊ," मी म्हटलं.